प्लास्टिकत्व : जाती की उपाधी?

अनेक वस्तूंना एका नावाखाली आणणाऱ्या समान धर्माचे न्यायशास्त्र दोन प्रकार मानते. गाईंमधील गोत्वासारखा, वस्तूंत खरोखर वास करणारा नित्य धर्म ही जाती. आणि बाहेरच्या निमित्ताने वस्तूंवर आलेला धर्म ही उपाधी. स्वयंपाक करणारे सारे पाचक खरे, पण पाचकत्व ही जाती नव्हे, ते केवळ कामावरून पडलेले नाव आहे. जाती मानण्यास आड येणारी सहा कारणे उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त दिली, तीही अशा नावांना वस्तुस्वभावाचा मान मिळू नये म्हणूनच. प्लास्टिक निषिद्ध की ग्राह्य, हा आज नीतीच्या व धर्माच्या चर्चेत येणारा प्रश्न सोडवण्यापूर्वी प्लास्टिकत्व या दोहोंपैकी कोणत्या प्रकारात बसते हे पाहावे लागते, कारण जातीविषयी केलेले विधान तिच्या सर्व व्यक्तींना लागू पडेल, उपाधीविषयीचे तसे पडेलच असे नाही.

बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावच्या शिवारात, जेथे जेथे ठिबक आले आहे तेथे, दोन प्लास्टिके एकाच संचात नांदतात : जमिनीखालची करडी मेन लाइन पीव्हीसीची आणि ओळीओळीने अंथरलेली काळी नळी पॉलिथीनची. दोन्हींचा सांगाडा कार्बनच्या लांबलचक साखळीचाच. पॉलिथीनमध्ये तिला केवळ हायड्रोजन जोडलेला असतो, तर पीव्हीसीत ठरावीक अंतराने एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन येतो, आणि एवढ्या एका बदलाने पीव्हीसीच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा होतो. वैशेषिक ज्याला गुरुत्व हा गुण म्हणतात तो येथे उघड दिसतो. पॉलिथीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो, पीव्हीसीचा बुडतो. पीव्हीसीचे जोड ‘सोल्युशन’ लावून घट्ट बसतात, कारण त्यातील द्रावक पाइपाचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. पॉलिथीनवर नेहमीच्या तापमानाला असा द्रावक चालत नाही, म्हणून त्याची नळी खाचांच्या जोडावर दाबून बसवावी लागते किंवा उष्णतेने सांधावी लागते. नळी मऊ असल्याने गुंडाळून ठेवता येते, आणि तिच्यात मिसळलेली काजळी उन्हापासून तिचे रक्षण करते. शेततळ्याला अस्तर म्हणून पॉलिथीनच घालतात, तेही याच लवचिकपणामुळे.

खरा भेद मात्र अग्नीजवळ कळतो. अग्निसंयोगाने येणाऱ्या द्रवपणाला वैशेषिकांनी नैमित्तिक द्रवत्व म्हटले आणि तूप, लाख व मेण ही त्याची उदाहरणे दिली. पॉलिथीन या यादीत सहज बसावे. रसायनदृष्ट्या ते मेणाचेच फार लांबवलेले रूप असून, तापवले की वितळते, निवाले की पुन्हा घट्ट होते आणि साखळी बहुतांशी तशीच राहते. पीव्हीसीचे तसे नाही. स्थिरक नावाची द्रव्ये मिसळूनच त्याला मर्यादित उष्णतेत आकार देता येतो. ती मर्यादा ओलांडली की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघू लागतो, रंग पिवळा, मग तपकिरी, शेवटी काळा होतो. येथे द्रवत्व नव्हे, रूपच पालटते, म्हणजे अग्नीने जुना गुण जाऊन नवा येतो, ज्याला पाकज गुण म्हणतात. भाजलेल्या घटाचा रंग बदलतो तो अखंड घटात की सुट्या झालेल्या परमाणूंत, यावर नैयायिक (पिठरपाकवादी) व वैशेषिक (पीलुपाकवादी) यांचा जुना वाद आहे. पीव्हीसीचा पाइप न मोडता आतल्या आत पालटतो, तेव्हा दोन्ही पक्षांना थोडेथोडे मिळते असे म्हणावे लागेल. हा निवाडा अर्थातच प्राचीनांना मान्य झाला नसता.

तात्पर्य, आकार घेण्याची क्षमता हे प्लास्टिक या नावाचे निमित्त, स्वयंपाक हे पाचक या नावाचे. प्लास्टिकत्व ही उपाधीच ठरते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये काढलेली बंदीही काही वस्तूंवर आणि काही वापरांवर होती, ती सरसकट सर्व प्लास्टिकवर नव्हती. कायद्याने हा विवेक दाखवला, एरवीच्या बोलण्यात मात्र तो हरवतो. तरी वैदर्भीय बोलीत पॉलिथीनच्या पिशवीला पन्नी म्हणतात आणि करड्या पाइपाला कोणी पन्नी म्हणत नाही, म्हणजे शास्त्राने जे सिद्ध करायचे ते बोलीने आधीच मानले आहे.

या भेदाचा उपयोग बांधावरही आहे. निकामी नळ्या आणि पाइपाचे तुकडे एकाच ढिगात पेटवले, तर क्लोरीनमुळे आम्लयुक्त व विषारी धूर निघतो आणि पॉलिथीनच्या आगीने तो अधिकच पसरतो. त्यामुळे जाळणे तर टाळावेच, शिवाय भंगारवाल्याकडे देताना करडे तुकडे काळ्या नळ्यांपासून वेगळे बांधावेत. पुनर्वापरासाठी दोन्ही एकत्र वितळवली, तर क्लोरीनयुक्त द्रव्य दुसऱ्याचा सारा घाणा नासवते.