मागणे आणि हात पसरणे



बारावीचा निकाल लागला, की आपल्या धर्मग्रामात पेढे वाटले जातात आणि कॉलेज-प्रवेशाची धावपळ सुरू होते. या धावपळीत काही घरे जरा गप्प असतात. ज्या मुलाला दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा अक्षरे जुळवताना त्रास होतो, त्याच्या घरी पेढ्यांबरोबर धास्तीही येते. शाळा गावातलीच होती. बाई मुलाला ओळखत होत्या. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणला गेला, बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक मिळाला; अर्ज कोणी केला, हे त्याला कळलेही नाही. आता मात्र विरारची लोकल, तिसऱ्या मजल्यावरचे लेक्चर आणि शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग. इथे आपणहून कोणी विचारीत नाही. ऑफिसच्या खिडकीशी स्वतः जाऊन सांगावे लागते : मला हे जमत नाही, मला हे हवे आहे.

हे सांगताना जीभ अडखळते. का बरे? मदत मागणाऱ्याचा मान कमी होतो का?

कोणापुढे हात पसरू नये, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याच वळणाचा. त्याने रंगवलेला थोर मनाचा पुरुष उपकार आनंदाने करतो, पण घेताना त्याला लाज वाटते. सेमिनरीत हा थोर पुरुष आम्हाला भेटला. तो कधी तान्हे मूल होता, कधी तापाने फणफणला होता, असे वाटतच नाही! अ‍ॅलस्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९९९ साली 'डिपेंडंट रॅशनल अ‍ॅनिमल्स' या पुस्तकात नेमके यावरच बोट ठेवले. बालपणी, आजारपणात, म्हातारपणी आपण सगळेच दुसऱ्याच्या आधाराने जगतो; तो आधार मोकळेपणी घेता येणे हाही सद्गुणच, असे त्यांचे म्हणणे.

मला याच्या थोडे पुढे जावेसे वाटते. कॉलेजात हा विद्यार्थी जे मागतो, तो उपकार नसतोच मुळी. जिना हीसुद्धा सोयच आहे, चालणाऱ्यांसाठी कोणीतरी पैसे खर्चून बांधलेली. तो चढताना आपण कोणाचे आभार मानतो? मग रॅम्पवरून जाणाऱ्याने का मानावेत? कायदाही आता हेच म्हणतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ झाले. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, त्यांच्यासाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही ५ वर्षांची सवलत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात तर दृष्टिहीनांसाठीचे केंद्र २००३ पासून आहे.

तरीही हा हक्क तोंड उघडल्याशिवाय हाती येत नाही. प्रमाणपत्र जोडून पहिल्या महिन्यातच अर्ज द्यावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर लेखनिक शोधणे फार जड जाते. आणि इथे आईवडिलांची कसोटी असते. बारा वर्षे ज्यांनी मुलाच्या वतीने बोलण्यात जिवाचे रान केले, त्यांनी आता त्या खिडकीशी एक पाऊल मागे उभे राहायचे असते. प्रेम कमी झाले म्हणून नव्हे. अठरा वर्षांच्या मुलाच्या देखत 'याला काय हवे?' असे क्लार्कने आईला विचारावे आणि आईने उत्तर द्यावे, यात त्या मुलाचे काहीतरी हिरावले जाते.

यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आठवा. तो हाका मारू लागला, तेव्हा लोकांनी त्याला गप्प राहण्यास दटावले. आंधळ्याला काय हवे असणार, हे कोणालाही कळले असते. तरी प्रभू येशूने ते गृहीत धरले नाही. मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्यालाच विचारले.

कधी या प्रश्नाचे उत्तर 'काही नको' असेही येईल. एखादी मुलगी लेखनिक नाकारील, आपले अपंगत्व वर्गात कोणाला सांगणार नाही. तेही तिनेच ठरवायचे. मात्र सहा महिन्यांनी तिचे मत बदलले आणि ती अर्ज घेऊन आली, तर 'तेव्हा तर नको म्हणाली होतीस' असे तिला ना कॉलेजात कोणी ऐकवावे, ना घरी.