शब्बाथ आणि अंडे

ज्यू धर्मशास्त्राने शब्बाथला, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवशी, ३९ प्रकारची कामे वर्ज्य मानली आहेत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ती करायची नाहीत. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. या ३९ कामांत अन्न शिजवणेही येते. पण शिजवणे म्हणजे नेमके काय? इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाने हा प्रश्न अंड्यावर तपासून पाहिला आहे.

त्यासाठी अंडे निवडले हे योग्यच झाले, कारण त्याला उकळते पाणी लागतेच असे नाही. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसपासून घट्ट होऊ लागतो, बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. एवढी धग तापल्या भांड्याच्या कडेलाही असते. म्हणून मिश्ना सांगते : अंडे तापल्या भांड्याला टेकवून ठेवू नये, उन्हात तापलेल्या फडक्यात फोडू नये, तापल्या वाळूत किंवा रस्त्याच्या फुफाट्यात पुरू नये. यापैकी फडक्याला राब्बी योसे मुभा देतात.

मिश्नावरच्या विवेचनाचा ग्रंथ म्हणजे तालमूद; त्यातली चर्चा इथून सूक्ष्म होते. थेट उन्हात शिजवायला कोणाचीच हरकत नाही. विस्तवाने तापलेल्या वस्तूवर शिजवणे सर्वांनाच अमान्य. वाद आहे तो उन्हाने तापलेल्या वस्तूंचा. फडके उन्हाने तापले की विस्तवाने, हे लोकांना कळायचे नाही, म्हणून बहुमत मनाई करते. मग वाळूच्या बाबतीत योसेंनी मुभा का दिली नाही? तालमूदमधले पंडित राब्बा म्हणतात, आज वाळूत पुरणारा उद्या निखाऱ्याच्या राखेत पुरेल. राव योसेफ यांचे कारण वेगळेच आहे : अंडे पुरताना माती उकरली जाते, आणि तेही शब्बाथला चालत नाही.

ऊन का चालते, याचे उत्तर अकराव्या शतकातले भाष्यकार राशी देतात : ती शिजवण्याची रूढ रीत नव्हे. अंड्याच्या दृष्टीने ऊन काय, आग काय, बदल एकच. तेव्हा शास्त्राची नजर पदार्थावर नाही, माणसाच्या कृतीवर आहे, आणि विश्रांतीच्या व्रतात ते सुसंगतच आहे. मात्र सौरचूल घरोघरी रूढ झाली, तर राशींचे कारण टिकेल का, हा प्रश्न खरा आहे.

घरातली वाट सोपी आहे. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यू कुटुंबांत शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच अंडी मंद आचेवर ठेवतात. शनिवारी सकाळपर्यंत ती आतून तपकिरी होतात.