फाटकाची साखळी आणि पेटीतली नोट

आपल्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई कोणाला न कळता करून टाकली, म्हणजे माणूस मोकळा होतो काय? प्रश्न साधा वाटतो. आम्हांलाही तो साधाच वाटत असे. परंतु वेल्समधील एका डोंगरउतारावर, हातात चहाचा पेला असताना, तो आमच्यापुढे असा काही उभा राहिला की उत्तर देताना आमची जीभ अडखळली.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता बर्मिंगहॅमला मुलीकडे गेलो होतो. मेरी जोन्सची गोष्ट आम्ही रविवार शाळेत चाळीस वर्षे सांगत आलो. तेव्हा तिचे खोरे एकदा डोळ्यांनी पाहावे, ही जुनी हौस होती. कोष्ट्याची ही गरीब मुलगी सहा वर्षे पैसे साठवून १८०० साली सुमारे ४० किलोमीटर चालत बाला गावी थॉमस चार्ल्स यांच्याकडे गेली आणि तिने आपल्या वेल्श भाषेतील पवित्र शास्त्र विकत घेतले. १८०४ साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली, तिच्या प्रेरणेत मेरीच्या हकिकतीचाही वाटा सांगतात. कादेर इद्रिस या ८९३ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी तिच्या घराच्या पडक्या भिंती आहेत, आणि त्या भिंतींच्या आत मेरिओनेथ परगण्यातील रविवार शाळांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे.

जवळच एका शेतावर तंबू टाकून दोन रात्री राहायचे जावयांनी ठरवले होते. ते शेत सापडता सापडेना. तिकडे टपालाच्या एकाच क्रमांकात दूरदूरची चार-पाच शेते येतात, त्यामुळे मोटारीतील वाटाड्या यंत्राने आम्हांला भलत्याच अंगणात नेऊन सोडले. फोन केव्हाच मुके झाले होते. रस्ता मोटारीएवढाच रुंद, दोन्ही बाजूंस दगडी गडगे. समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जावे. अखेर एका आजीबाईंनी हात करून डोंगराकडची वाट दाखवली, आणि दिवस मावळायच्या सुमारास आम्ही पोहोचलो.

खाली शेतकऱ्याचे घर व अंगण. तेथेच मोटार ठेवायची, नळही तेथेच. अंगणाच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी आणि तिच्यावर दराची पाटी: माणशी दहा पौंड. पावती नाही, पहारेकरी नाही. ज्याने त्याने मोजून टाकावे. तंबूंची जागा वर, दोन कुरणे ओलांडून. खालच्या कुरणात मेंढ्या, वरच्यात त्यांची कोकरे, आणि मध्ये लोखंडी फाटक. कोकरांचे दूध तोडण्यासाठी त्यांना कालच आयांपासून वेगळे केले होते. मेंढ्या फाटकाशी येऊन ओरडत होत्या आणि वरून कोकरे त्यांना ओ देत होती.

आमच्या बेळगाव भागात कळपाबरोबर धनगर असतो. रात्री तोही मेंढरांशेजारी घोंगडी पांघरून निजतो. तेथे राखणदार दिसेना. वेल्समध्ये माणसे तीस लाखांच्या वर आणि मेंढ्या त्यांच्या सुमारे तिप्पट. प्रत्येक कळपामागे माणूस कोठून आणणार? राखणीचे काम गडगे व फाटकेच करतात. म्हणून तेथे रानावनात फिरणाऱ्यांसाठी एक नियम आहे, तो जावयांनी आम्हांला आधीच समजावला होता: फाटक जसे सापडेल तसेच ठेवावे. बंद असेल तर बंद करावे, उघडे असेल तर उघडेच राहू द्यावे. कारण कदाचित गुरांना पाण्यावर जाता यावे म्हणून धन्याने ते मुद्दाम उघडे ठेवले असेल. प्रभूने स्वतःला मेंढरांचे दार का म्हटले असावे, याचा थोडा अर्थ आम्हांला त्या डोंगरावर लागला.

आणि त्याच संध्याकाळी आम्ही चुकलो. पाऊस लागला होता. दोन्ही हातांत पाण्याने भरलेली भांडी होती. परत येताना आम्ही फाटक पायाने लोटले, ते लागल्यासारखे दिसले आणि आम्ही पुढे चालू लागलो. साखळी आकड्यात अडकवायची राहिली. ती राहिली, हे त्याच क्षणी मनाला कळले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. "आता परत कोण जाणार?" असे वाटले, एवढेच.

पहिल्या प्रहरी मेंढ्यांचा आक्रोश चालू होता. मध्यरात्रीनंतर तो थांबला. "दमल्या बिचाऱ्या," असे म्हणून आम्ही गाढ झोपलो. सकाळी पाहतो तर त्या दमल्या नव्हत्या. त्यांना त्यांची लेकरे सापडली होती! फाटक सताड उघडे, आणि वरच्या कुरणात प्रत्येक मेंढीच्या पोटाशी कोकरू शेपटी हलवीत दूध पीत होते. दृश्य मोठे गोड होते, पण शेतकऱ्याचे सारे काम त्याने पाण्यात घातले होते.

शेतकरी कुत्रा घेऊन वर आले. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारले, "पहाटे कोणी खाली गेले काय?" जावयांनी सरळ मनाने सांगितले की शेजारच्या तंबूतील दोन तरुण सायकलवाले उजाडण्यापूर्वीच निघून गेले. शेतकऱ्यांनी मान हलवली आणि ते मेंढरांकडे वळले. आम्ही चहा पीत उभे होतो. एक शब्द बोललो नाही.

मग मनाने वकिली सुरू केली. ते तरुण तर गेले. त्यांचे काय बिघडणार आहे? आपण पाहुणे, परके. जावयांना कशाला खाली पाहायला लावावे? नुकसान झाले हे खरे, तर ते भरून देऊ. आम्ही त्या दिवसाच्या पैशांत वीस पौंडांची जादा नोट घातली आणि आमच्या नऊ वर्षांच्या नातीला ते पेटीत टाकायला सांगितले. ती पाटी वाचून हिशेब करणारी पोर. म्हणाली, "आजोबा, हे वीस जास्त आहेत. हे कशाचे?"

हे कशाचे? आम्हांला उत्तर देता येईना. दान म्हणावे तर ते दान नव्हते. भाडे म्हणावे तर तेही नव्हते. खरे सांगायचे तर ती आमच्या गप्प बसण्याची किंमत होती, आणि ती आम्ही एका लेकराच्या हातून भरू पाहत होतो.

आम्ही शेतकऱ्यांकडे गेलो आणि सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "बरे झाले सांगितलेत. त्या पोरांना मी पुन्हा येथे उतरू दिले नसते." ते दोघे तरुण तर नियम पाळूनच गेले होते. फाटक त्यांना उघडे सापडले, त्यांनी ते उघडे ठेवले! वीस पौंड शेतकऱ्यांनी घेतले नाहीत. "दर पाटीवर लिहिला आहे," एवढेच म्हणाले, आणि आम्हांला गडग्याच्या एका खिंडाराशी हात पसरून उभे केले. कुत्र्याने कळप हाकला, आम्ही सगळ्यांनी वाटा अडवल्या. मेंढ्या व कोकरे पुन्हा वेगळी करायला दुपार झाली. संध्याकाळी तोच आक्रोश नव्याने सुरू झाला. आमच्या आळसामुळे त्या मुक्या जिवांना ताटातूट दोनदा सोसावी लागली. ती तर कोणत्याच नोटेने भरून निघणार नव्हती.

वाचकहो, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात भरपाईचा नियम आहे. ज्याने दुसऱ्याचा अपराध केला त्याने मूळ रक्कम भरावी आणि तिच्यात पाचवा हिस्सा घालावा. पण त्याआधी एक पायरी आहे, ती आपण घाईने ओलांडतो: त्याने आपले पाप कबूल करावे. आधी तोंड, मग थैली. जक्कयानेही चौपट परत देण्याचे वचन दिले ते रात्रीच्या अंधारात नव्हे, तर सर्वांसमक्ष उभे राहून.

कोणी विचारील, धनी सापडतच नसेल तर? त्याच अध्यायात तीही सोय आहे: भरपाई स्वीकारणारा कोणी नसेल तर ती परमेश्वराला द्यावी. म्हणजे पेटीत टाकलेले पैसे नेहमीच खोटे असतात असे नाही. धनी समोर कुरणात उभा असताना पेटीकडे वळणे, हे मात्र खोटे. तसेच नुसते "माफ करा" म्हणून हात झटकणेही पुरेसे नाही. खिंडारात उभे राहावे लागते. आणि कबुली का हवी, याचे कारण त्या शेतकऱ्याच्या एका वाक्यात आहे. आपण गप्प बसलो की दोष हवेत विरत नाही. तो कोणा निरपराध्याच्या नावावर जमा होतो. पैशाने नुकसान भरून निघेल, पण त्याच्या नावावरचा डाग आपण बोलल्याशिवाय पुसला जात नाही.

आपल्या मंडळीतही पेटी असते. भावाशी वाकडे आले, पंचाशी भांडण झाले, कोणावर खोटा आळ आला, की त्या महिन्यात आपले अर्पण थोडे वाढते. तो हिशेब कोणी विचारीत नाही. वेदीपाशी देणगी ठेवून आधी भावाकडे जा, असे प्रभूने सांगितले त्यात हीच गोष्ट आहे.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी मेरी जोन्सची गोष्ट पुढच्या वेळी सांगताना मुलांना एवढे विचारून पाहावे: तिने सहा वर्षे पैसे का साठवले? तिचा प्रत्येक पैसा कशाचा, हे तिला सांगता येत होते. आम्हांला त्या सकाळी वीस पौंडांचे ते सांगता आले नाही.