अनोळखी माणसासाठी घेतलेलं माप

कॉलेजच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये लंबक हलवून गुरुत्वीय त्वरण काढायला लावतात. उत्तर ९.८च्या आसपास यायला हवं, हे बॅचमधल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. मग उत्तराकडून उलटं येत 'रीडिंग' बसवली जातात. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. त्यात कुणाचं काय नुकसान, असा सगळ्यांचा बचाव असतो आणि तो बऱ्यापैकी खराही आहे. लंबकाचं उत्तर जगाला माहीत आहे. आपल्या जर्नलवाचून कुणाचं अडलेलं नाही.

माझ्या छंदात हा बचाव चालत नाही. मी गच्चीवरून जोडतारे मोजते.

सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती बहुतेकांना माहीत असते. लग्नात दाखवतात तीच. पण दुर्बिणीतून पाहिलं, तर वसिष्ठ स्वतःच दोन तारे निघतो. आकाशात अशा जोड्या ढिगाने आहेत. काही नुसत्या एका रेषेत आल्यामुळे जवळ भासतात, काही खरोखर एकमेकांभोवती फिरतात. कोणती कशी, हे एका रात्रीत कळत नाही. दोन आकडे नोंदवायचे: ताऱ्यांमधलं कोनीय अंतर, आणि मुख्य ताऱ्यापासून जोडीदार कोणत्या दिशेला आहे तो कोन, उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला. मग वाट पाहायची. दहा वर्षं, शंभर वर्षं, जोडी सांगेल तितकी.

मोजणं तसं सोपं आहे. आयपीसमध्ये कोरलेली पट्टी असते. दुर्बिणीची मोटर बंद केली की पृथ्वी फिरतेय म्हणून तारा पट्टीवरून आपोआप सरकत जातो, आणि तो सरकतो ती पश्चिम. दिशा ठरली की कोन वाचता येतो. अंतर विकलांत मोजतात. एक विकला म्हणजे चार-पाच किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढी. त्यात शहराची हवा. खालच्या गच्च्या दिवसभराची उष्णता सोडत असतात आणि तारा पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. पट्टीवर तो ५.२ आहे की ५.६, हे शेवटी मी ठरवते.

खरी गोम इथे आहे. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेची जोडताऱ्यांची यादी आहे, दीड लाखांहून अधिक जोड्यांची. आपल्या जोडीचं शेवटचं माप त्यात मिळतं. म्हणजे 'बरोबर उत्तर' फोनवर हजर असतं. समजा यादीत ५.५ आहे. मग थरथरणाऱ्या ताऱ्यात ५.६ दिसणं किती सोपं! दहा रीडिंगपैकी जी दोन जुळत नाहीत ती 'हवा खराब होती' म्हणून वगळणं तर त्याहून सोपं. यात कुठेही खोटा आकडा लिहिलेला नाही. प्रत्येक रीडिंग खरंच घेतलेलं आहे. गच्चीवर दुसरं कुणी नाही, आणि उद्या कुणी तपासायलाही येणार नाही.

मग यात गैर काय? मला वाटतं, गैर हे की दोन साक्षीदारांचा एकच साक्षीदार होतो. यादी पाहून घेतलेलं माप हा यादीचाच प्रतिध्वनी असतो. तो यादीत गेला की पुढचा माणूस म्हणणार, वा, दोघांचं जुळतंय. हे नुकसान आज कुणालाच होत नाही. ज्याचं होणार तो कदाचित अजून जन्मलेला नाही, आणि त्याला मला काही विचारताही येणार नाही.

जेम्स ब्रॅडली या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाची १७५९ची एक नोंद आहे. आपल्या पुनर्वसू नक्षत्रातले दोन ठळक तारे म्हणजे कॅस्टर आणि पोलक्स. त्यातला कॅस्टर दुर्बिणीत दोन ताऱ्यांचा दिसतो. ब्रॅडलीने टिपून ठेवलं, की या दोघांना जोडणारी रेषा कॅस्टर-पोलक्सला जोडणाऱ्या रेषेला समांतर आहे, वर्षभर कधीही पाहिलं तरी तशीच. थोडक्यात, बदल नाही. १७६२मध्ये तो वारला. विल्यम हर्शेल हा मूळचा संगीतकार, बाथ शहरातल्या घराच्या बागेतून आकाश बघणारा. जोडतारे मोजायला त्याने घेतले होते ते ताऱ्यांची अंतरं काढण्यासाठी. दोन ताऱ्यांचा एकमेकांशी संबंध नसावा, हीच त्याच्या पद्धतीची गरज होती. १८०३मध्ये त्याने ब्रॅडलीची नोंद स्वतःच्या मापांशेजारी ठेवली. रेषा सुमारे ४५ अंशांनी वळली होती. हे तारे एकमेकांभोवती फिरत होते.

'बदल नाही' ही नोंद बदलाचा पुरावा ठरली. ब्रॅडली नुसतं 'विशेष काही नाही' लिहून मोकळा झाला असता, तर हर्शेलच्या हाती काहीच लागलं नसतं. रेषा कुठे होती, हे त्याने लिहिलं म्हणून जमलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. विल्यम जेकब हा मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातला अधिकारी. १८४०च्या दशकात त्याने पुण्यात स्वतःच्या पाच फुटी दुर्बिणीतून २४४ जोडताऱ्यांची यादी केली. वृश्चिकेतल्या एका जोडीतला मंद तारा स्वतःच दोन आहे, हे त्यानेच १८४७मध्ये पाहिलं. पुढे मद्रासच्या वेधशाळेत असताना, १८५५मध्ये, भुजंगधारी तारकासमूहातल्या एका जोडीची मापं कक्षेत नीट बसेनात, म्हणून तिथे एखादा ग्रह असण्याची दाट शक्यता त्याने मांडली. तो ग्रह नव्हता. १८६२मध्ये पुण्यातच जेकब गेला. ग्रहाचा दावा बाद झाला. वृश्चिकेतला तारा आजही दोनच दिसतो. प्रामाणिक असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, हे मी जेकबकडून घेतलं. जे दिसलं आणि जे वाटलं, त्यांची वहीतली पानं वेगळी हवीत, एवढंच.

आता तुम्ही विचाराल, की गाया उपग्रहाने अब्जावधी ताऱ्यांची मापं माझ्या हजारपट अचूकतेने घेतलीत, मग ही उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. मोठेपणाचा दावा मी करणार नाही. पण फार तेजस्वी आणि फार जवळजवळच्या जोड्या त्याला नीट जमत नाहीत. शिवाय २०२५चा कोन २०२५मध्येच मोजता येतो. तेव्हा राहिला तो कायमचा राहिला.

मागच्या हिवाळ्यात एका मंद जोडीचं माप यादीशी जुळलं नाही. यादीतलं शेवटचं माप कित्येक दशकांपूर्वीचं. चार रात्री पुन्हा मोजलं, तरी तेच. मी चुकत असेन, आधीचा चुकला असेल, किंवा तारे सरकले असतील. सगळी रीडिंग, न जुळणारी दोन धरून, तारखांसकट पाठवून दिली. उत्तर कळायला बहुधा पन्नासेक वर्षं लागतील. मी तेव्हा नसेन आणि याचं मला आधी वाटलं होतं तितकं वाईट वाटत नाही.

आता यादी आधी उघडत नाही. रीडिंग पेनाने लिहिते, कारण पेन्सिल खोडता येते.

कॅस्टरची एक फेरी साधारण साडेचारशे वर्षांची. ब्रॅडलीने पाहिलं तेव्हापासून ती निम्म्याच्या थोडी पुढे गेली आहे. फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास पुनर्वसू जवळपास डोक्यावर असतं. दोघांपैकी उत्तरेकडचा, किंचित मंद, तो कॅस्टर. नुसत्या डोळ्यांना एक दिसतो, तीन इंची दुर्बिणीतून दोन.