टाकीतली ठेव

बँकेत मी लोकांच्या ठेवी सांभाळतो. माझी स्वतःची घाटनांदूरच्या घरामागे, संडासाच्या टाकीत. बारा वर्षं नुसता भरणा, उचल एकदाही नाही. परवा व्याज अंगणात आलं. अंबाजोगाईहून उपसायची गाडी महाग पडत होती. शेजारी म्हणाले, ''एक जण निम्म्यात आत उतरतो.'' मी कॉमर्सचा पदवीधर; वजाबाकी तोंडपाठ. ही म्हणाली, ''तुम्ही उतराल?''

टाकीतला वायू उभा माणूस आडवा करतो. संरक्षक साधनांशिवाय कुणाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली ३० लाख ठरवली. हे सगळं मला ठाऊक होतं हो! तरी वजाबाकी आधी झाली.

गाडीच बोलावली. पैसे मोजताना दोनदा चुकलो. ही नळीकडे बघत होती. मी हिच्याकडे बघायचं टाळत होतो.