राज्य नसलेल्या राज्यकर्त्याचा इन्साफ

नवा नेता आला की आपण त्याला लगेच तागडीत घालतो. रस्ते किती बांधले, बंदोबस्त कसा राखला, शेतमालाला भाव दिला की नाही, ही आपली नेहमीची वजने. पण ज्याच्याजवळ ना भूमी, ना फौज, ना सक्तीने वसूल करता येणारा कर, त्याला कशाने तोलायचे? तिबेटी निर्वासितांच्या राजकारणाकडे पाहताना हा प्रश्न आम्हांला अनेक वर्षे छळतो आहे.

८ ऑगस्ट २०११ रोजी लोबसांग सांगे यांनी धर्मशाळेत निर्वासित प्रशासनाच्या प्रमुखपदाची शपथ घेतली. दार्जिलिंगकडे निर्वासित कुटुंबात जन्मलेले, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले, वय जेमतेम ४३. सुमारे ५५ टक्के मते त्यांना पडली होती. मतदार म्हणजे जगभर विखुरलेले निर्वासित. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसाहत आहे, तिथले तिबेटीही त्यांतलेच. थंडीत स्वेटर विकायला बसलेल्या बाईशी आपण दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. तिलाही आपल्या सरकारचा प्रमुख निवडायचा असतो, हे आपल्या गावीही नसते.

त्याच वर्षी मार्चमध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार सोडत असल्याचे जाहीर केले होते. आधीचे प्रमुख समधोंग रिनपोचे यांच्या डोक्यावर जी सावली होती ती सांगे यांच्या डोक्यावर राहिली नाही. निदान कागदावर तरी नाही.

आता पहिले वजन यशाचे. २००२ ते २०१० या काळात दलाई लामांच्या दूतांच्या बीजिंगशी वाटाघाटींच्या नऊ फेऱ्या झाल्या. सांगे यांच्या दहा वर्षांत औपचारिक फेरी एकही नाही. उलट नोव्हेंबर २०२० मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये गेले. निर्वासित प्रशासनाच्या प्रमुखाला सहा दशकांत तिथे प्रथमच प्रवेश मिळाला. मग त्यांना एका विषयात नापास करून दुसऱ्यात शाबासकी द्यायची का? आम्हांला दोन्ही गैर वाटते. एक दार बीजिंगने लावले, दुसरे वॉशिंग्टनने उघडले. कडी ज्याच्या हाती नाही, त्याची लायकी त्या दारावरून ठरवणे हा इन्साफ नव्हे.

मग नुसती नियत पाहावी? तीही पळवाटच. नियत सांगायला काही पडत नाही, आणि तिची किंमत बहुधा दुसरेच मोजतात. मार्च २०११ मध्ये ङाबा इथल्या कीर्ती मठातील फुन्त्सोग या तरुण भिक्षूने स्वतःला जाळून घेतले. पुढच्या काही वर्षांत शंभराहून अधिक तिबेटींनी तोच मार्ग धरला. धर्मशाळेत सुरक्षित बसलेल्या नेत्याने यावर काय बोलावे? गौरव करावा तर आणखी कुणी पेटेल. निषेध करावा तर गेलेल्याचा अपमान. असे करू नका, ही विनंती सांगे करत राहिले, आणि त्यांची व्यथा जगाला सांगणे हे आमचे कर्तव्य आहे, हेही म्हणत राहिले. काहींना ही भाषा दुटप्पी वाटली. आम्हांला तशी वाटत नाही. अशा जागी याहून सरळ वाक्य सापडत नसावे.

उरते ते खरोखर त्यांच्या हातात असलेले. पेन्पा त्सेरिंग हे २०१६ च्या निवडणुकीतले सांगे यांचे प्रतिस्पर्धी. पुढे ते वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधी झाले आणि २०१७ मध्ये सांगे यांच्या मंत्रिमंडळाने त्यांना त्या पदावरून काढले. ते निर्वासितांच्याच सर्वोच्च न्याय आयोगाकडे गेले. २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. या आयोगाजवळ पोलीस नाही, तुरुंग नाही. निकाल धुडकावला असता तर कोण काय करणार होते? मंत्रिमंडळाने तो मानला, माफी मागितली. प्रतिस्पर्ध्याला काढल्याची चूक सांगे यांच्या खात्यावर राहतेच, ती पुसू नये. पण शिपायाविना पाळलेला तो निकालही त्याच खात्यावर मांडावा लागेल, आणि आमच्या मते तो व्हाइट हाउसच्या भेटीहून जड भरतो.

२७ मे २०२१ रोजी सांगे यांची मुदत संपली. त्यांच्या जागी शपथ घेतली ती याच पेन्पा त्सेरिंग यांनी.