टोक आणि फाटा

बुरशीचा तंतू सर्वांगाने वाढत नाही. तो फक्त टोकाशी वाढतो. वसई-विरारच्या दमट पावसाळ्यात उरलेल्या पावावर धरणारा पांढरा कापूस म्हणजे अशीच असंख्य पुढे सरकणारी टोके. पेशीभित्तिकेचा माल आणि तिच्यातले कायटिन बनवणारी विकरे सूक्ष्म पिशव्यांतून टोकाकडे येतात. टोकाच्या किंचित मागे या पिशव्यांचा दाट पुंजका जमतो. 1924 मध्ये ब्रुन्सविक यांनी त्याला ‘स्पिट्सेनक्योर्पर’ हे बोजड नाव दिले. पुंजका जिकडे सरकतो तिकडे तंतू वळतो.

हे टोक कुठे असावे, हे सीडीसी-42 आणि रॅक या जनुकांची प्रथिने ठरवतात. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत सेप-ए जनुकाचे फॉर्मिन हे प्रथिन तिथे ॲक्टिनचे धागे उभारते, तर टी-ए आणि टी-आर ही प्रथिने दिशा सरळ राखतात. ती नसली तरी तंतू वाढतो, पण नागमोडी.

फाट्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. 1843 मध्ये फ्रान्समधल्या पावांवर माजलेली नारिंगी बुरशी न्यूरोस्पोरा पुढे आनुवंशिकीची लाडकी ठरली. तिच्या कॉट-1 या उत्परिवर्तित वाणाचे तंतू 25 अंशांना नेहमीसारखे लांब जातात. 37 अंशांना टोके थबकतात आणि फाटेच फाटे फुटून गच्च, बुटका गोळा होतो. एवढ्यावरून कॉट-1 ला ‘फाट्यांचे जनुक’ म्हणणे घाईचे आहे. ते बनवते कायनेज जातीचे एक विकर, टोकाची वाढ चालू ठेवणारे. टोकाला न खपलेला माल बाजूला नवे टोक काढतो, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

टोकाची वाढ तरी कायमची कुठे असते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेली बेंजामिनिएला पॉइट्रासी ही बुरशी 28 अंशांना तंतुरूप असते, तर 37 अंशांना आणि भरपूर ग्लुकोज मिळाल्यास यीस्टसारखी गोल होऊन कळ्या काढते. जनुकसंच तोच. या रूपांतरात ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज या नत्र-चयापचयातल्या विकराच्या दोन प्रकारांचे आपसातले प्रमाण बदलते, म्हणजे आकाराचा धागा थेट त्या चयापचयापर्यंत पोचतो.

तंतू दिसला की बुरशी, असे मात्र धरून चालत नाही. पानवेलीची मूळकूज घडवणारा फायटोफ्थोरा टोकानेच वाढतो, फाटेही फोडतो. पण वंशाने तो तपकिरी शैवालांच्या जवळचा. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असते, म्हणून कायटिनच्या निर्मितीवर घाव घालणारी बुरशीनाशके त्याच्यावर फारशी चालत नाहीत.